बाईंची रजा

ताटं नुकतीच मांडून झाली होती. छोटीने ती एकावर एक रचून बाजूला सारली आणि काखेतली कागदाची गुंडाळी टेबलावर ठेवली. दादाने खुर्ची मागे सरकवली. गुंडाळी उलगडायच्या आधीच सरकवली, कारण छोटी घरून काही घेऊन आली की त्यात दादाचं भलं कधीच नसतं, हा त्याचा बेचाळीस वर्षांचा अनुभव होता.

बेचाळीस हे छोटीचं वय. सरकारी इस्पितळात ती मुख्य परिचारिका होती. तीस नर्स आणि चार डॉक्टर तिच्या नुसत्या खाकरण्याने सरळ चालत. या घरात मात्र ती जन्मली तेव्हा छोटी होती आणि म्हातारी झाली तरी छोटीच राहणार होती. तिची मुलगी अकरावीत, दादाच्याच सरकारी शाळेत. दादा तिथे इतिहास शिकवायचा, शिवाय उपमुख्याध्यापक होता. उपमुख्याध्यापक म्हणजे मुख्याध्यापकांची सगळी कामं करणारा आणि मुख्याध्यापकांच्या वाटच्या सगळ्या शिव्या खाणारा माणूस. या कामांत सगळ्यांत मोठं काम वेळापत्रकाचं.

"हे काय आणलंस?" बाबांनी विचारलं. ताट नाहीसं झाल्यामुळे त्यांचा हात हवेतच राहिला होता.

"दादाच्या शाळेचं वेळापत्रक. शुक्रवारी मुख्याध्यापकांना भेटायला गेले होते. ते नेहमीप्रमाणे बैठकीत. शिपायाने शिक्षकांच्या खोलीत बसवलं, तर समोर भिंतीवर हे. फोटो काढला आणि दुकानातून मोठा करून आणला."

तिने गुंडाळीच्या चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवले. दादाने एक पेला पाणी प्यायच्या निमित्ताने उचलला. कोपरा पुन्हा वळला, तेव्हा छोटीने त्याच्या हातातला पेला काढून घेतला आणि जागच्या जागी ठेवला.

मुलांना वहीत उतरवून घ्यायला देतात तो तक्ता तिने आणला असता, तर दादाला काही वाटलं नसतं. त्यात फक्त विषय असतात. हा भिंतीवरचा फळा होता. एकतीस वर्षांपूर्वी वेळापत्रकाचं काम आईकडे आलं, तेव्हा ती रात्र-रात्र पेन्सिलीने लिही आणि खोडे, इतकं की कागदाला भोकं पडत. बाबा सुतार. ते म्हणाले, भोकंच पाडायची तर नीट पाडू. त्यांनी सागाच्या फळीवर अठरा वर्ग, सहा दिवस आणि आठ तास असा हिशेब धरून भोकं पाडली आणि शिक्षकागणिक एकेका रंगाच्या लाकडी खुंट्या केल्या. एकाच रंगाच्या दोन खुंट्या एका उभ्या रांगेत आल्या की लांबूनही कळायचं, माणूस एकाच वेळी दोन वर्गांत पाठवलाय. आई निवृत्त झाली आणि फळा दादाकडे आला. या घरात बाकी कशाचीही वाटणी भांडणाशिवाय झाली नाही, हा फळा तेवढा कोणी मागितलाच नव्हता.

"अजून काय झकास आहे बघा," बाबा खाली वाकून म्हणाले. "एक भोक फाकलेलं नाही."

"बाबा, भोकांचं कौतुक नंतर. आधी ही बघा." छोटीने मुलीच्या वर्गाच्या रांगेवर बोट ठेवलं. "आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. त्यातले अकरा वाचनालय. वाचनालयात खुर्च्या किती?"

"सव्वीस," दादा पुटपुटला.

"आणि वर्गात मुलं?"

"अठ्ठावन्न," भाचीने उत्तर दिलं. ती रचलेल्या ताटांतून हळूच काकडीची चकती काढून खात होती. "पण आम्ही पाळ्या लावल्यात. मी सोमवारी खुर्चीवर, मंगळवारी जमिनीवर. ते वेळापत्रक एकदम व्यवस्थित चालतं."

"जेवणाची सुट्टी सकाळी दहा चाळीसला," छोटी पुढे म्हणाली. "दहा चाळीसला कोणाला भूक लागते?"

"कँटीन एक, वर्ग अठरा. कोणाला तरी दहा चाळीसला जेवावंच लागणार."

"आणि गणित कायम तिसऱ्या तासाला. सर चौथ्या तासाला उगवतात."

"ते दोन शाळांत मिळून एक सर आहेत गं. तिसऱ्या तासाला ते रस्त्यात असतात."

"मग तिसऱ्या तासाला गणित लावलंस कशाला?"

"दोन्ही शाळांनी तिसऱ्यालाच लावलंय," दादा म्हणाला. "म्हणजे नुकसान दोघांचं सारखं."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती पोस्टात काउंटरवर बसायची, त्यामुळे माणसं किती गंभीर चेहऱ्याने किती मूर्खपणाचं बोलू शकतात हे तिला ठाऊक होतं. तरी नवऱ्याच्या तोंडून असं काही ऐकलं की तिला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटायचं.

"आता शेवटचं," छोटी म्हणाली, आणि दादाने डोळे मिटून घेतले. "फिजिक्स. आठवड्याला सहा तास. फळ्यावर सहाही भोकांत खुंट्या आहेत. हळदी रंगाच्या. म्हणजे शिक्षक आहे. आणि ही म्हणते, वर्गात वर्षभर कोणी फिरकलंच नाही."

"पीटीचे सर आले होते एकदा," भाची म्हणाली. "त्यांनी वेग शिकवला. मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या आणि विचारलं, आला का लक्षात?"

"मला या हळदीचं नाव सांग, दादा. उद्या अकरा वाजता चाळीस पालक घेऊन मी शिक्षण कार्यालयात जातेय. फळ्यावर विराजमान होऊन घरी झोपा काढणारा हा माणूस कोण आहे ते मला कळलंच पाहिजे."

"आधी जेवून घेऊ या का?" दादाने विचारलं.

"नाव."

तेवढ्यात आई हात पुसत बाहेर आली. गुडघ्यांमुळे ती हल्ली चालताना टेबलाचा, खुर्चीचा, माणसाच्या डोक्याचाही आधार घ्यायची. तिने भाचीच्या डोक्याचा आधार घेतला, चष्मा नाकावर चढवला आणि कागदावर वाकून पाहिलं.

"हा हळदी तर माझा," ती म्हणाली.

बाबांनी पुन्हा वाकून पाहिलं. "हो की. कपाटाचा रंग उरला होता, त्यातच रंगवल्या होत्या मी."

आईने बोटाने खुंट्या मोजायला सुरुवात केली. फक्त भाचीच्याच वर्गाच्या नाही, अकरावी-बारावीच्या चारही वर्गांच्या. चोवीस भरल्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली बाई आठवड्याला चोवीस तास शिकवत होती. दादा तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. ती रडेल असं त्याला वाटलं, किंवा तोंडात मारेल. तिचं बोट शनिवारच्या रांगेवर येऊन थांबलं.

"शनिवारी आठवा तास?" ती म्हणाली. "मला?"

"आई, ऐक..."

"अडतीस वर्षं नोकरी केली. शनिवारी शेवटचा तास मला लावायची एकाही मुख्याध्यापकाची छाती झाली नाही. आणि माझ्या पोटचा गोळा मला शनिवारी आठवा तास लावतो!"

"अगं, तो तास प्रत्यक्षात होतच नाही!"

"म्हणून काय झालं? लावलास ना?"

मग सगळं बाहेर आलं. दादाने फारसे आढेवेढे घेतले नाहीत. सहा वर्षं एकट्याने वागवलेलं ओझं होतं, ते जरा हलवायला मिळालं तर त्याला हवंच होतं. नियम असा, की एखादी जागा तीन वर्षं रिकामी राहिली की ती जागाच रद्द होते. आई निवृत्त झाली तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, जागा भरायला वेळ लागेल, तोवर खुंट्या राहू दे. दर सत्राला फळ्यावरून तक्ता उतरवून शिक्षण कार्यालयात जातो. तक्त्यात जागा भरलेली दिसली की ती रद्द होणार नाही. एक वर्ष म्हणता म्हणता सहा झाली. दर वर्षी खुंट्या काढायच्या असं दादा ठरवायचा. पण काढल्या की विचारणार, इतकी वर्षं का ठेवल्या? मग तो पुन्हा ठेवायचा.

"आणि पगार?" छोटीने विचारलं. "तो कोण घेतं?"

"कोणी नाही! पगाराचा विभाग वेगळा. ते तक्ता बघत नाहीत, तक्तावाले पगार बघत नाहीत."

"म्हणजे आई बिनपगारी राबतेय सहा वर्षं," बाबा म्हणाले. त्यांना यातली गंमत जास्त भावली होती. छोटीने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा भोकं निरखू लागले.

"माझ्या वॉर्डात रात्रपाळीला नर्स आली नाही, तर मी दहा मिनिटांत दुसरी उभी करते," ती म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "आणि नाही मिळाली तर कागदावर ठळक लिहिते, नर्स नाही. का? तर कोणी मेलं, तर का मेलं ते कळावं म्हणून. तू सहा वर्षं लिहितोयस, नर्स आहे."

"घरातली गोष्ट आहे, घरात राहू दे," बाबा म्हणाले. "त्याची नोकरी जाईल."

"जाऊ दे." हे बोलली वहिनी, आणि सगळ्यांनी माना वळवल्या. लोखंडी कपाटाच्या भांडणापासून, म्हणजे आठ वर्षांत, वहिनीने छोटीची बाजू एकदाही घेतली नव्हती. "नाही, खरंच जाऊ दे. रोज सात तास घेऊन घसा बसवून घरी येतात. भूगोलाची बाई नाही म्हणून भूगोल घेतात, वाचनालयात बसतात, आणि मला सांगतात, काय करणार, माणसं नाहीत. माणसं आहेत असं कळवणारेही हेच! मला आज कळतंय."

"तू पण?" दादा म्हणाला.

"मी पण."

इतका वेळ काकडी खाणारी भाची मधेच म्हणाली, "मामा, एक मिनिट. म्हणजे आमच्या वर्गात कोणी येत नाही, कारण तू वर कळवतोस की कोणीतरी येतं?"

तिने हे चिडून विचारलं नव्हतं. एखादं गणित समजून घेतल्यासारखं विचारलं होतं. दादाला इतिहासातल्या मोठमोठ्या पराभवांची कारणं दोन-दोन पानं सांगता यायची. इथे त्याला फक्त "हो" म्हणता आलं. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत.

बाबांना अशा शांततेत बसवत नाही. "अगं, मग तूच जा की," ते आईला म्हणाले. "खुंट्या आहेतच तुझ्या. परीक्षेला चार महिने आहेत. पोरीचं वर्ष वाचेल, याची नोकरी वाचेल."

दादाने मोठ्या आशेने आईकडे पाहिलं. खरं तर हा विचार त्याच्याही मनात तीन वर्षं घोळत होता.

"मुळीच जाणार नाही," आई म्हणाली. "गुडघे जाऊ दे, तिसरा मजला मी सरपटत चढेन. पण मी गेले की सगळे म्हणतील, चाललंय ना. हा चालवतोय म्हणून तर हे झालं. भूगोल चालवला, वाचनालय चालवलं. चालवत राहणाऱ्याच्या घरी कोणी माणूस पाठवत नाही. मी मेल्यावर काय करणार? खुंट्या तशाच ठेवणार?"

ती खुर्चीत टेकली. थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली, आणि मग तिच्या चेहऱ्यावर असा भाव आला, जो तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी पाहिला असता तर त्यांनी मुकाट्याने वह्या काढल्या असत्या.

"छोटीच्या वेळी मी बाळंतपणाच्या रजेवर गेले होते," ती म्हणाली. "आठव्या दिवशी माझ्या जागी बदली शिक्षक हजर. रिकाम्या जागेला कोणी वाली नसतो. पण रजेवरच्या माणसाची जागा आठ दिवसांत भरावी लागते, तसा नियमच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी रजा टाकते."

"आई, तू निवृत्त आहेस!"

"ते पगारवाल्यांना माहीत आहे. तक्तावाल्यांना तू सांगितलंयस का?"

बाबा पहिल्यांदा हसले. मग भाची. मग वहिनी आत जाऊन कागद आणि पेन घेऊन आली, कारण फॉर्मचा वास आला की ती स्वस्थ बसू शकत नाही. तिने ताटांच्या ढिगाऱ्यावर वही ठेवून मसुदा केला, वरिष्ठांना शोभेल असा. कारणाच्या जागी ती "प्रकृती अस्वास्थ्य" लिहिणार होती. आईने ते खोडायला लावलं. "खोटं लिहू नकोस. लिही, गेली सहा वर्षं मी कामावर येत नाही हे माझ्या नुकतंच लक्षात आलं."

"असं कोणी मंजूर करेल का?"

"वाचून मंजूर करतात असं तुला वाटतं?"

अर्ज पुढे पाठवायला उपमुख्याध्यापकाची सही लागत होती. दादाने पेन हातात घेतलं, खाली ठेवलं. सही केली की तो लेखी कबूल करणार होता. नाही केली, तर उद्या अकरा वाजता त्याची सख्खी बहीण चाळीस माणसांसमोर हळदी रंगाचं नाव घेणार होती. त्याने बाबांकडे पाहिलं. ते मान खाली घालून टेबलाची कड चाचपत होते.

"सही कर," छोटी म्हणाली. "मी शब्द देते. हा कागद चालला आणि माणूस मिळाला, तर मी तोंड उघडणार नाही. नाही चालला, तर मी काहीही झाकणार नाही. मग मला बहीण म्हणू नकोस हवं तर."

त्याने सही केली. मग सगळे जेवले, आणि अन्न गार झालं होतं हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

सोमवारी अकराला शिक्षण कार्यालयाचा जिना पालकांनी भरून गेला होता. टॅक्सीवाले होते, दवाखान्यातली आया होती, एक बँकेतला माणूस अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आला होता आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता. छोटी सगळ्यांत पुढे. आई भाचीच्या डोक्याचा आधार घेत आली होती. अर्जदाराने हजर असलेलं बरं, असं तिचं म्हणणं. दादा खिशातला अर्ज चाचपत होता.

शिक्षणाधिकारी मॅडम पन्नाशीच्या, आखूड केसांच्या. टेबलावर तीन टेलिफोन आणि तिन्ही मुके. छोटीने तक्रार थोडक्यात सांगितली आणि मग दादाकडे हनुवटीने खूण केली. दादाने अर्ज पुढे केला.

मॅडमनी वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढला. आईचं गणित इथेच चुकलं, कारण मॅडम वाचणाऱ्यांतल्या निघाल्या.

"बाईंचा रजेचा अर्ज?" त्या म्हणाल्या. "बाईंच्या निरोप समारंभाला मी स्वतः भाषण केलं होतं. चांगली दहा मिनिटं."

"पंचवीस मिनिटं," मागून आई म्हणाली. "चहा गार झाला होता."

मॅडम ताडकन उभ्या राहिल्या, पुन्हा बसल्या. "बाई, तुम्ही! हे काय आहे?"

दादा टेबलाजवळ सरकला. त्याने सगळं सांगितलं, काल टेबलावर सांगितलं त्याच क्रमाने. खुंट्या, तक्ता, सहा वर्षं. मागे पालकांत कुजबुज वाढत गेली. "जागा रद्द होऊ नये म्हणून केलं," तो म्हणाला. "तीन वर्षं रिकामी राहिली की जाते, म्हणून."

"तो नियम रद्द होऊन पाच वर्षं झाली," मॅडम म्हणाल्या.

"काय?"

"परिपत्रक पाठवलं होतं सगळ्या शाळांना." त्यांनी बेल दाबली. कारकुनाने आणलेली पोचवही उलटून पाहिली, आणि ती दादाकडे फिरवली. त्याच्या शाळेच्या नावापुढे त्याचीच सही होती. सही बघून दिवससुद्धा आठवला. त्या वर्षी भूगोलाची बाई सोडून गेली होती. तो तिसऱ्या तासाहून चौथ्या तासाकडे पळत होता आणि शिपायाने जिन्यात कागद पुढे केला होता. त्याने भिंतीवर वही टेकवून सही केली आणि परिपत्रक इतिहासाच्या पुस्तकात घातलं. वाचायला वेळच नव्हता. ते पुस्तक आता कुठल्या वर्गात होतं देव जाणे.

"जागा रिकामी म्हणून कळवली असती, तर पहिल्याच वर्षी माणूस आला असता," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, थकलेला होता. "दर वर्षी फिजिक्सचे दोन-तीन उमेदवार यादीत असतात. जिथे जागा दिसते तिथे आम्ही त्यांना पाठवतो. तुमच्याकडे जागा दिसलीच नाही."

दादाने पोचवही मिटली. त्याला बसावंसं वाटलं, पण खुर्ची नव्हती.

"म्हणजे शिक्षक होते?" मागून एका टॅक्सीवाल्याने विचारलं. जाडजूड, शांत माणूस. "माझ्या थोरल्याने याच शाळेत फिजिक्स सोडलं. दोन वर्षांपूर्वी. शिक्षकच नाहीत म्हणून. त्याला इंजिनं फार आवडतात हो. मीच म्हणालो, सोड, काय करणार."

यावर मात्र सगळे एकदम बोलायला लागले. कोणी म्हणालं, यांना काढून टाका. कोणी म्हणालं, पोलिसात द्या. बँकेतला माणूस घड्याळ विसरून ओरडत होता. "हे कोण आहेत तरी कोण?" दवाखान्यातली आया छोटीला विचारत होती.

"हा माझा सख्खा भाऊ आहे," छोटी म्हणाली.

तिने ते मोठ्याने म्हटलं, त्यामुळे खोली शांत झाली. दादाने तिच्याकडे पाहिलं नाही. काल त्यानेच सही केली होती, तिने आधीच सांगितलं होतं, तक्रारीला जागा नव्हती. तरी त्याला ते लागलं.

"कारवाई करा," ती मॅडमना म्हणाली. "चौकशी लावा, निलंबित करा, काय तुमच्या नियमात असेल ते. मी मध्ये पडणार नाही, हे सगळ्यांसमोर सांगते. पण ती उद्या करा, परवा करा. हा कुठे पळून जात नाही, याला जिना चढतानासुद्धा धाप लागते. आधी शिक्षक द्या. परीक्षेला चार महिने आहेत. याला शिक्षा करून माझ्या मुलीला फिजिक्स येणार नाही."

"आणि भूगोल," भाची म्हणाली.

"आणि भूगोल. आणि गणिताचा एक सर पुरा, अर्धा नको."

मॅडमनी यादी मागवली. यादीत तीन नावं होती. गुरुवारी जागा वाटायच्या होत्या, आणि रिकाम्या जागेची मागणी पालकांकडून लेखी आली तर ती यादीत सगळ्यांत वर लागते, असं त्या म्हणाल्या. उपमुख्याध्यापकांची चौकशी शुक्रवारी सुरू होईल, तोवर त्यांनी घरीच थांबावं, हेही त्याच दमात म्हणाल्या. कारकुनाने एक कोरा तक्ता दिला. चार रकाने होते, नाव, मुलाचा वर्ग, मुलाशी नातं आणि सही. कागद हातोहात फिरू लागला. टॅक्सीवाल्याने तो भिंतीला टेकवून ठसठशीत लिहिलं. आईला सही करायची होती, पण आजी चालत नाही असं कारकून म्हणाला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की आजी चालली.

सगळ्यांचं झाल्यावर दादाने हात पुढे केला. टॅक्सीवाल्याच्या हातात कागद होता. तो क्षणभर तसाच उभा राहिला, मग त्याने दिला.

"तुम्ही कसे सही करणार?" कारकून म्हणाला. "तुम्ही शाळेचे. तुमच्याविरुद्ध तर तक्रार आहे."

"वर्ग अकरावी," दादा म्हणाला, आणि लिहिलं. तिसऱ्या रकान्यात वर आई, वडील, वडील, आई, एक आजी. त्याने त्याखाली लिहिलं, मामा. मग सही केली. परिपत्रकावर केली होती तशी घाईची नाही, सबंध, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचता येईल अशी.

छोटीने त्याच्या हातून कागद घेतला. शेवटची ओळ वाचली. मग तिने वळून कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि तळहाताने दोनदा दाबून सरळ केला.

"बेचाळीस सह्या," ती म्हणाली. "मोजून घ्या."